लाल कार्ड

"लाल कार्ड इकडे द्या, बाई. तुम्हाला त्याचं काय काम?"

चर्चच्या आमच्या विभागाचे सचिव हात पुढं करून उभे होते. चहाची सुट्टी होती. आजूबाजूले देशभरातले बिशप, पाळक, सूटबूटवाले. अन् मी मंगरुळपीरकडच्या खेड्यातली, दुसऱ्याच्या वावरात निंदणं करणारी बाई. आमच्या गावच्या चर्चची, म्हणजे मंडळीची, प्रतिनिधी म्हणून पहिल्यांदाच चर्चच्या राष्ट्रीय महासभेले आली होती. मतदानाची दोन कार्डं भेटली होती. हो म्हणायले हिरवं, नाही म्हणायले लाल.

"खेड्यातल्या लोकांचा गोंधळ होतो," ते हसत बोलले. "मी हिरवं वर केलं की तुम्ही करायचं. बस."

अन् मी देऊन टाकलं, माह्या अगोदर बाकी खेड्यावाल्यायनं दिलं तसं. वरून 'थँक्यू सर' बी म्हटलं! आजही आठवलं का सोताच्याच थोबाडीत मारावं वाटते.

तशी मनात पाल चुकचुकली होती. आमच्या वस्तीत कधी पाय न ठेवणारे सचिव यंदा दोनदा येऊन गेले. प्रतिनिधी बाईच पाहिजे, शिकलेली नसली तरी चालते, म्हणे. तिकीट त्यायनंच काढलं. गाडीत चहा पाजला. एवढा पुळका काहून, हे मी कोणालेच विचारलं नाही.

दुपारी ठरावाचे कागद वाटले. सगळे इंग्रजीत. माह्या शेजारी दुसऱ्या जिल्ह्यातले म्हातारे गुरुजी बसले होते. त्यायनं एका जागी बोट ठेवलं.

"बाई, हे तुमच्याच गावाचं नाव हाय ना?"

"काय लिवलं हाय?"

"कब्रस्तानाची जागा. वापरात नाही म्हणते. विकाले मंजुरी मांगून राह्यले."

वापरात नाही? दोन वर्षांमागं माही माय तिथंच पुरली. दर रविवारी मी तिच्या मातीवर मेणबत्ती लावते.

अध्यक्षांनी ठराव वाचला. हिरवी कार्डं वर गेली, सचिवांचं सगळ्यायच्या अगोदर. माह्याकडे पाहून त्यायनं मान हालवली.

मी उभी राहिली.

"नाही!"

"कार्ड दाखवा," माइकवरून आवाज आला.

"कार्ड सरच्या कोटाच्या खिशात हाय. आमा सगळ्या खेड्यावाल्यायचे तिथंच हायेत. पाहा खिसा!"

गुरुजींनी मान खाली घातली. त्यायचंही कार्ड त्याच खिशात होतं.

"बाई, कार्डाशिवाय मत धरता येत नाही. बसा. ठराव एकमतानं मंजूर."

एकमतानं! मी तिथं ढळढळीत उभी असताना.

निघताना सचिव जवळ आले. आवाज एकदम मऊ. "तुमचं नाव आता चांगलं लक्षात राहील."

"राहू द्या," मी म्हटलं. "पुरं लिहून ठेवा."

परवा कब्रस्तानात चुन्याची रेघ दिसली. मायच्या मातीवरूनच गेली हाय. उद्या मोजणीवाले येणार, संगं सचिव अन् पोलीस बी येणार, असं आमच्या मंडळीचे पाळकसाहेब सांगून गेले. "आपण प्रार्थना करू," म्हणाले. करा. वस्तीतल्या चार घरायनं येतो म्हटलं. बाकीचे दार लावून बसले हायेत, अन् त्या चार घरायचाही मले भरोसा नाही.

कोणी येवो, न येवो. सकाळी मी मायच्या उशाशी जाऊन बसणार हाओ. तिथं नाही म्हणायले कार्ड लागत नाही. मले उचलल्याबिगर त्यायची टेप पुढं सरकणार नाही.