आत्याची मंडळी

मीरा-भाईंदरच्या जमिनीवर कोण राहतं हे कुणीही सांगेल, पण जमिनीखाली कोण राहतं हे साऱ्या जगात आपल्या एकटीलाच ठाऊक आहे, असं माझ्या आत्याचं ठाम मत आहे. कॉलेजात जन्मभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून ती निवृत्त झाली, आणि विद्यार्थी सुटल्यावर तिचा सगळा जीव बॅक्टेरियांवर जडला. त्यांना ती बॅक्टेरिया म्हणतच नाही, 'मंडळी' म्हणते. नवघरच्या तिच्या फ्लॅटमध्ये लोणच्याच्या बरण्यांना खेटून काळ्या चिखलाच्या बरण्या असतात. माझ्या बहिणीला बघायला आलेल्या बाईंनी कौतुकाने विचारलं, हे कसलं हो लोणचं? आत्याने झाकण उघडून बरणी थेट त्यांच्या नाकाखाली धरली, आणि मंडळींचं जेवण नीट चाललंय की नाही हे वासावरून कसं ओळखायचं ते समजावलं. लग्न ठरलं, नाही असं नाही; पण त्या बाई अजून आमच्याकडे लोणचं खात नाहीत.

हा चिखल यायचा घोडबंदरजवळच्या एका ओढ्यातून. तिथल्या वाळूत आत्याने एक लोखंडी पाइप ठोकून ठेवला होता, आणि त्यातून ती खालचं पाणी ओढून घ्यायची. ओढा म्हणे कुजलेल्या पानांचा अर्क घेऊन खाली मुरतो, जमिनीतलं पाणी खालून वर येतं, आणि दोघांची गाठ पडते तिथे वाळूच्या कणाकणावर मंडळी पंगत मांडून बसलेली असते. पानांतला कार्बन ती खाते, आणि पाणी निवळून शेजारच्या विहिरीत जातं. हे सगळं आत्या एका रिक्षावाल्याला थांबवून सांगत होती, तर तो नम्रपणे म्हणाला, "मॅडम, मीटर चालू है." विहिरीची मालकीण, तिथल्या जुन्या कोळी घरातली, तेवढीही चर्चा करायची नाही. पाणी गोड हाय ना, मग झालं, एवढंच तिचं म्हणणं.

यंदा त्या ओढ्याचा तळ सिमेंटने बांधून काढायचं ठरलं, आणि आत्याची अन्नावरची वासनाच उडाली. तळ बंद झाला की पाणी खाली उतरणार नाही, मंडळी उपाशी मरेल, आणि मग विहिरीचं पाणी कोण निवळणार? तिने बरणी उचलली आणि साइटवरच्या इंजिनिअरच्या टेबलावर नेऊन आदळली. इंजिनिअर रत्नागिरीकडचा, तरुण, नाक मुठीत धरून का होईना पण त्याने सगळं ऐकून घेतलं. काम थांबवणं काही त्याच्या हातात नव्हतं. पण आत्याच्या पाइपभोवती शेगडीएवढी जागा त्याने मोकळी सोडायला लावली.

काम झाल्यावर मी तिला तिथे घेऊन गेलो. पाणी सिमेंटवरून सरळ खाडीकडे पळत होतं. गुडघे धरत आत्या पाइपभोवतीच्या त्या मोकळ्या चौकोनाशी बसली. मी म्हटलं, "आत्या, मंडळींना वन रूम किचन मिळालं की गं!" ती हसली नाही. पाइपाला बाटली लावून बराच वेळ ओढत राहिली. गढूळ चार थेंब आले आणि थांबले.

"एवढ्याशा भोकातून काय होणार, कळतंय रे मला," ती म्हणाली, "पण पोराने सोडली ना जागा."

मला फार वाईट वाटलं. परतताना रिक्षात बसल्या बसल्या तिने इंजिनिअरला फोन लावला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, मंडळी मजेत आहेत हो, तुम्ही काही काळजी करू नका.