नानीचा कागद

नानी मुक्या माणसालाही विचारल्याशिवाय घास भरवत नसे. तिच्या नवऱ्याला अर्धांगवायू झाला, वाचा गेली. तरी जेवणवेळी ती पुढ्यात बसून विचारायची, "वरन देऊ का दूध?" आणि त्याच्या डोळ्यांत उत्तर दिसेपर्यंत चमचा तसाच धरून ठेवायची. अशी सहा वर्षं तिनं काढली.

मी तेव्हा मंगरूळपीरला शाळेत शिक्षक होतो. नानीच्या मळ्याला लागून माझी भाड्याची खोली. मेथी-पालक घेऊन ती सकाळीच बाजारात जायची आणि नऊच्या आत परतायची, कारण नवऱ्याची कूस बदलायची असे. भेटायला येणारे उसासा टाकून म्हणत, देवानं आता याला सोडवावं. नानी त्यांना निमूट चहा द्यायची. ते गेल्यावर मला म्हणायची, "घाई पाव्हन्यायले हाये, मास्तर. ह्याले कोनी इचारलं?"

नवरा गेला. पुढच्या वर्षी आमच्या शाळेत वादविवाद ठेवला होता, दयामरणाला कायद्यानं मान्यता असावी का यावर. मी नानीच्या ओसरीवर मुद्दे काढत बसलो होतो. तिनं विषय समजावून घेतला. सुई देऊन मारणं आपल्याकडे गुन्हा आहे, पण बरं होण्याची आशा नसेल तर मला यंत्रावर जगवू नका, असं माणसाला शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं, एवढं मी सांगितलं. वांगी निवडता निवडता ती म्हणाली, "मंग माह्यं लिवा."

मी चकित झालो. नवऱ्याबाबत कुणाचा तसा शब्दही जिला खपला नाही, ती हे म्हणत होती. मी तसं बोलून दाखवलं. तिनं हातातलं वांगं खाली ठेवलं.

"त्यानं मले काई सांगतलं नव्हतं, मास्तर. मंग त्याच्या जिवाचं मी कशी ठरवू? माह्यं मी सांगून राह्यली."

एक साक्षीदार मी झालो, दुसरे शेजारचे किराणावाले. नोटरीसमोर नानीनं सावकाश, जोडून जोडून सही केली. पुण्याला नोकरीत असलेल्या गजूला, तिच्या एकुलत्या एका मुलाला, हे कळवा असं मी दोनदा म्हटलं. सांगीन म्हणाली.

दोन वर्षांनी ती मळ्यातच कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी आशा नाही म्हटलं, तरी गजू व्हेंटिलेटर लावा म्हणून हात जोडत होता. नानीनं माझ्याकडे ठेवायला दिलेला कागद मी पुढे केला. तेवढं जड काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. नियमाप्रमाणे आणखी डॉक्टर आले, त्यांनीही तपासलं आणि तेच सांगितलं. गजू बराच वेळ आईच्या सहीवर बोट ठेवून उभा राहिला, मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, यंत्र नको. तिसऱ्या दिवशी दुपारी नानी गेली. त्याचा हात तिच्या कपाळावर होता.

तेरवी झाल्यावर तो माझ्याकडे आला. भांडेल असं वाटलं होतं, पण त्यानं एवढंच विचारलं.

"तिनं तुमाले सांगतलं, काका. मले काहून नाई?"

कदाचित पोराचं तोंड पाहून तिचा धीर झाला नसेल. पण तसं ती कधी म्हणाली नव्हती, म्हणून मीही म्हटलं नाही. मला माहीत नाही, एवढंच सांगितलं.

तो गेल्यावर मी माझ्या मुलीला फोन लावला. रविवारी ये म्हटलं, एक बोलायचं आहे, फोनवर नको.