बंद पाठीचा हेडफोन

स्टाफरूममध्ये दोघांचा आवाज चढला की सर दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "वा! काय शांत वाटतंय हो इथं." भांडणारे हसायचे आणि भांडण तिथंच मोडायचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, जो आत आला की खोलीतली हवा जरा बरी वाटू लागते. आमच्या श्रीगोंद्याच्या कॉलेजात तो माणूस म्हणजे सर. भूगोल विभागाचे प्रमुख. नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

त्यांनी मला फसवलं, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं कौतुक वाचताना तुम्हाला मी भोळा वाटणार नाही. भोळा तेव्हा होतो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आमचं गाव पाथर्डीकडचं. आईवडिलांची ऊसतोडीची टोळी दर हंगामाला श्रीगोंद्याच्या कारखान्यावर यायची, म्हणून मी कॉलेजही तिथलंच धरलं. बी.ए. झाल्यावर मी नोकरी शोधणार होतो. सरांनी व्हरांड्यात अडवलं. "एम.ए. कोण करणार? मी आहे ना, कर तू." प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झालो तेव्हा मी पेढे आणायच्या आधी त्यांनीच आणले आणि विभागात वाटले. मग त्यांनीच मला तासिका तत्त्वावर घेतलं. म्हणजे शिकवू तेवढ्या तासांचाच पगार, सुट्टीत काही नाही, आणि दर जूनला पुन्हा नव्यानं नेमणूक. "कायमची जागा निघाली की ती तुझीच. मी आहे ना."

वडिलांना हे फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "मंग त्या सरांच्या शब्दाभाईर जाऊ नको. आपल्याला कोन हाय दुसरं?"

मी नगरला खोली घेऊन राहायचो, कारण संध्याकाळी तिथं एका क्लासवर शिकवायचो. सर भिंगारचे. त्यांच्या गाडीतून आम्ही चौघं अप-डाऊन करायचो. सर चालवायचे, शेजारी ऑफिसचे अधीक्षक आण्णा, मागं ग्रंथपाल शेख मॅडम आणि मी. जाता-येता वाया जाणारा वेळ मुलाखतीच्या तयारीला वापरायचा, ही कल्पना सरांचीच. "नोट्स स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि गाडीत ऐकत बस. स्वतःचा आवाज माणूस विसरत नाही."

मी रेकॉर्ड केल्या, पण त्या सबंध हंगामात ऐकू काही येईना. हंगामात त्या रस्त्यावरून गेला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत पुढं चाललेले असतात आणि प्रत्येकावर लाउडस्पीकर लावलेला. माझे साधे इअरफोन कानात असले तरी माझ्या आवाजातल्या पर्वतरांगांवर ट्रॅक्टरवाल्याची लावणी नाचायची. आवाज वाढवला की डोकं दुखायचं.

"नवा हंगाम लागायच्या आत आपण हेडफोन घेऊ," सर म्हणाले. 'आपण' म्हणाले, आणि एका रविवारी खरंच माझ्याबरोबर नगरच्या बाजारात आले.

सरांना गाण्याचा नाद. त्यांच्या घरी एक भला मोठा हेडफोन होता. त्याच्या पाठीला जाळी, आणि त्याच्याबरोबर एक डबा, अ‍ॅम्प्लिफायर. "हा घरात बसून ऐकायचा. जाळीतून आवाज बाहेर जातो, बाहेरचा आत येतो. म्हणून गाणं कसं मोकळं वाटतं. पण प्रवासात ह्याचा उपयोग शून्य. शेजारच्याला तुझ्या नोट्स पाठ होतील आणि तुला शेजारच्याचं घोरणं."

दुकानात मी एका चकचकीत, बिनवायरच्या हेडफोनकडे बघत होतो. सरांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "चार्जिंग संपलं की तुझा अभ्यास संपला. वायरवालाच घे, तुझ्या मोबाइलला पिनेचं भोक आहे अजून." मग दुकानदाराला म्हणाले, "पाठ बंद असलेला दाखवा. कानावर टेकणारा नको, सगळा कान आत मावेल असा. आणि ओहम कमी असू द्या, मोबाइलनंच वाजला पाहिजे. हा पठ्ठ्या काय डबा घेऊन फिरणार आहे?"

दुकानदारानं एक जरा जाडजूड दाखवला. दुकानातल्या डब्यावर आवाज भारी होता. सरांनी माझ्याच मोबाइलला लावून पाहिला आणि मान हलवली. "आवाज अर्ध्यावर असताना पुरेसा ऐकू यायला हवा. इथं शेवटपर्यंत नेला तरी कुजबुजतोय. ह्याला अ‍ॅम्प्लिफायर लागणार." दुसरा चष्म्याच्या काडीवर दाबत होता. "अर्ध्या वाटेतच काढून ठेवशील." तिसरा दुमडून पिशवीत मावणारा, वायर तुटली तर नवी लावता येणारा होता. तो त्यांनी माझ्या डोक्यावर चढवला, माझ्या मागं गेले आणि काहीतरी मोठ्यानं बोलले. दुकानदार पोट धरून हसला.

सर पुढं आले. मी हेडफोन काढला.

"काय म्हणालो मी?"

"काहीच ऐकू आलं नाही, सर."

"मग हाच."

तो दसऱ्याच्या आसपासचा दिवस होता. परत येताना आम्ही चहा घेतला. माझ्या वडिलांनीही माझ्यासाठी कधी इतका वेळ काढून काही निवडलं नव्हतं. त्यांना तेवढा वेळच मिळाला नाही. मी खोलीवर आलो, हेडफोन उशाशी ठेवला आणि बराच वेळ नुसता त्याच्याकडे बघत बसलो.

पुढचे काही महिने माझे फार चांगले गेले. अरणगाव मागं पडलं की मी हेडफोन चढवायचो आणि जग बंद व्हायचं. ट्रॅक्टर दिसायचे, पण मुके. सर आरशातून माझ्याकडे बघून हसायचे. पुढं त्यांचे आणि आण्णांचे ओठ हलत असायचे. मला वाटायचं, चालल्या असतील ऑफिसच्या गप्पा.

मग एके दिवशी, कोळगाव यायच्या आधी, माझा आवाज मध्येच थांबला. मी मोबाइलकडे पाहिलं. हेडफोनची पिन निघाली होती आणि ती शेख मॅडमच्या मुठीत होती. मी काही विचारणार, तोच त्यांनी माझ्याकडे न बघता, ओढणीआड हात ठेवून, बोटानं फक्त 'थांबा' अशी खूण केली. आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

मी हेडफोनचा खिडकीच्या बाजूचा कप बोटानं कानावरून किंचित उचलला.

"पन जागा निघालीय म्हनल्यावर हा अर्ज करनारच की," आण्णा म्हणत होते. "सेट हाय, अनुभव हाय. उगं अडचन व्हईल."

"नाही करणार," सर म्हणाले. "पुढच्या जाहिरातीला बघू म्हणून सांगेन. माझं ऐकतो तो."

"आन् पुढची जाहिरात?"

"ती कुठली यायला आता? मी निघालो रिटायर व्हायला."

"मंग कळवू का संस्थेच्या संचालकांना? त्यांच्या पुतनीचं नक्की म्हनून?"

"कळवा. आणि प्राचार्यांच्या खुर्चीचं तेवढं ध्यानात ठेवा म्हणावं. वर्षभर का होईना."

आण्णांनी मागं वळून पाहिलं. मी मान खाली घातली, ओठ हलवले, नोट्स म्हणतोय असं दाखवलं.

"ऐकत नसंल ना?"

"बोला हो निवांत," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात तोच नेहमीचा लाड होता. "बॉम्ब फुटला तरी त्याला कळायचं नाही. मी स्वतः पारखून दिलाय."

शेख मॅडमनी पिन माझ्या हातात ठेवली. मी ती पुन्हा लावली. माझाच आवाज पुन्हा सुरू झाला. मी मला समजावून सांगत होतो, मुलाखतीत उत्तर देताना प्रश्नकर्त्याच्या डोळ्यांत बघावं, घाबरू नये. ते वाक्यही सरांचंच होतं, मी फक्त रेकॉर्ड केलं होतं.

त्या दुपारी लायब्ररीत मॅडम म्हणाल्या, "दिवाळीपासून चाललंय हे. तुमच्या कानांवर ते होतं. माझ्या कानांवर काय होतं? रोज ऐकायचं आणि रोज तुमच्या शेजारी बसायचं. आज न्हाई राहावलं."

दसऱ्याला हेडफोन, दिवाळीपासून बोलणी. मी कितीतरी वेळा हे दोन सण शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. तो हेडफोन निवडताना त्यांच्या मनात काय होतं? आधी माया होती आणि मग सोय झाली? की दुकानात माझ्या मागं उभे राहिले तेव्हाच त्यांनी ती सोय तपासून घेतली? पहिलंच खरं असावं, असं मला वाटतं. वाटतं म्हणजे, तसं वाटून घेतो.

दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसलो तो हेडफोन न लावता. तो मांडीवरच्या पिशवीत होता. अरणगाव गेलं. कोणी बोलेना. आण्णांनी दोनदा खाकरून घेतलं.

"आज काय, अभ्यास नाही?" सरांनी आरशात बघून विचारलं.

"नाही सर. आज तुमचं ऐकतो."

शेख मॅडमनी ओढणीचा पदर तोंडावर धरला होता. त्या हसत होत्या की काय, मला कळलं नाही. मला तर हसू येत नव्हतं. आणखी एक वाक्य बोललो असतो तर तिथंच रडलो असतो.

विभागात गेल्यावर सरांनी बोलावलं. टेबलावरचा पृथ्वीचा गोल उगाच फिरवत म्हणाले, "ह्या वेळची जाहिरात आपल्यासाठी नाही रे. नकार आला की रेकॉर्डला राहतो. पुढच्या वेळी..."

"मी अर्ज भरला, सर. काल संध्याकाळीच."

त्यांनी गोल थांबवला. 'मी आहे ना' हे शब्द त्या दिवशी त्यांच्या तोंडून आले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी एसटीनं जाऊ लागलो.

पुतणीची नेमणूक झाली. मुलगी वाईट नाही, मन लावून शिकवते असं ऐकतो. सर वर्षभर प्रभारी प्राचार्य होते, मग निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेले. निरोपसमारंभाचं बोलावणं मला आलं होतं. मी गेलो नाही. मी आता शेवगावकडच्या एका कॉलेजात आहे, पुन्हा तासिका तत्त्वावरच. वडील आता 'कायम झाला का' असं विचारत नाहीत, आणि ते न विचारणं मला जास्त लागतं. हेडफोन अजून चालतो. कानाच्या गाद्या फाटल्या, तेव्हा नव्या लावल्या. विद्यार्थी कधी विचारतात, सर, प्रवासासाठी कुठला घ्यावा? मी सांगतो, पाठ बंद असलेला, कान आत मावणारा, मोबाइलवर आवाज अर्ध्यावर ठेवून पुरेल असा. सांगता सांगता लक्षात येतं, शब्द माझे नाहीत. दुसरे शब्द शोधून पाहिले. ह्याहून नेमके सापडले नाहीत. त्यांनी शिकवलेलं खोटं निघालं असतं तर फार सोपं झालं असतं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते मुलाखतीच्या दिवशी. प्राचार्यांच्या खोलीत टेबलापलीकडे चौघं होते. त्यात विभागप्रमुख म्हणून सर. बाकीच्यांचे प्रश्न झाले. सरांची पाळी आली. ते माझ्या फायलीकडे बघत म्हणाले, "पर्जन्यछायेचा प्रदेश विद्यार्थ्यांना कसा समजावून सांगाल?"

'सांगाल' म्हणाले. मला ते आयुष्यात पहिल्यांदा अहो-जाहो करत होते. आणि प्रश्न असा, की तो आमच्या दुष्काळी गावच्या कुठल्याही पोराला येईल. मी त्यांच्या डोळ्यांत बघत उत्तर दिलं. ढग डोंगराच्या त्या बाजूला सगळं देऊन मोकळे होतात, हे सांगितलं. सरांनी डोकं वर केलं नाही.

बाहेर आलो तेव्हा दुपार झाली होती. कॉलेजच्या आवारात सरांची गाडी उभी होती. मी फाटकाकडे चाललो होतो. मागून घाईची पावलं आली, आणि मग किल्ल्यांचा आवाज. वळून पाहिलं. सर धापा टाकत गाडीजवळ पोचले होते आणि मागचं दार उघडून, ते हातानं धरून उभे होते. माझ्यासाठी. ऊन त्यांच्या चष्म्यावर पडलं होतं, त्यामुळे डोळे दिसत नव्हते.

मी मान तुकवून नमस्कार केला. तो करायचाच होता. आणि स्टँडच्या रस्त्याला लागलो. दार लागल्याचा आवाज येईल म्हणून मी कान मागं ठेवून चालत होतो. कोपऱ्यावर वळेपर्यंत तो आला नाही.