पाच रिंगा म्हणजे निघालो

आमच्या बिल्डिंगमध्ये सोळा बिऱ्हाडं होती आणि फोन एकच, तळमजल्यावरच्या काकूंकडे. डोंबिवलीत तेव्हा फोनसाठी नंबर लावायचा आणि विसरून जायचं, अशी पद्धत होती. आमचाही लावलेला होता. काकूंच्या पॅसेजमध्ये एका उंच स्टुलावर तो काळा फोन असायचा, वर क्रोशाचं पांढरं झाकण आणि डायलला इवलंसं कुलूप. वाजला की ते झाकण थरथरायचं. आत काहीतरी जिवंत आहे असं मला लहानपणी वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मोठी झाल्यावरही मी त्याला एकटी असताना हात लावत नसे.

बाबा विजेच्या टॉवरसाठी जमीन मोजायचे. कंपनी पाठवील तिथे महिनोन्‌महिने तंबूत राहायचं. नव्वदीच्या सुरुवातीला त्यांना गढवालच्या डोंगरात पाठवलं. फोन तंबूपासून अर्ध्या तासाच्या उतरणीवर, बाजारातल्या एका एसटीडी बूथवर. रोज बोलणं परवडणारं नव्हतं, म्हणून बऱ्याच घरांत असायची तशी आमचीही रिंगांची भाषा ठरली. संध्याकाळी आठच्या सुमारास तीन रिंगा देऊन ठेवून दिलं, तर मी ठीक आहे. पाच किंवा जास्त झाल्या, तर निघालो, घरी येतोय. इकडे कुणीही फोन उचलायचा नाही. नियम बाबांनी घातला, पण राबवला मी. सतरा वर्षांची होते आणि लोकांना नियम शिकवायची मला भारी हौस होती.

आठ वाजत आले की काकू टीव्हीचा आवाज बारीक करायच्या आणि दार उघडं ठेवायच्या. आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहायची. रोज उठून लोकांच्या घरात काय शिरायचं, असं तिचं म्हणणं. तिसरी रिंग थांबली की ती वर येऊन कुकर लावायची. त्याआधी नाही. कधी बाबांना सव्वाआठ व्हायचे, मग आमचं जेवणही लांबायचं.

बाबांच्या रिंगांना एक खोड होती. तिसरी झाल्यावर एक अर्धवट ‘टर्र’ यायचं, कारण रिसीव्हर खाली ठेवायचासुद्धा त्यांना आळस. आई ते ऐकून हसायची आणि म्हणायची, “ठेवलान एकदाचा.”

भाद्रपदात ती खोड गेली.

पहिल्या दिवशी माझ्या लक्षातही आलं नाही. काकूंच्या घड्याळात आठचे ठोके पडले आणि शेवटच्या ठोक्याला लागूनच फोन वाजला. एक, दोन, तीन. मग सुरीने कापल्यासारखं बंद. आई पायरीवरून हलली नाही.

“हे ते नाहीत,” ती म्हणाली.

“अगं आई, रिंगला काय चेहरा असतो का? तीन वाजल्या ना, मग झालं. चल, भूक लागलीय मला.”

दुसऱ्या दिवशीही बरोबर आठ. तिसऱ्या दिवशीही. बाबा आयुष्यात कधी कुठे वेळेवर पोचले नव्हते आणि आता घड्याळाला हरवत होते. संध्याकाळी कारखान्यांचा तो गोडसर, उग्र वास खाली उतरायचा, जिन्यात कोंडून राहायचा, आणि त्या वासात आम्ही तिघी फोनची वाट बघत उभ्या असायचो. काकू तशा रोखठोक बाई, त्यांना भास वगैरे व्हायचे नाहीत. पण त्याही एकदा म्हणाल्या, “अहो, हल्ली तो वाजला की दारात कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटतं हो.” त्या दिवसापासून त्यांनी पॅसेजमधली खुर्ची आत नेली.

आणखी एक गोष्ट मी बघत होते. आई रोज थोडी पुढे यायची. पायरीवरून दारात, दारातून उंबऱ्याच्या आत, मग भिंतीला हात लावून पॅसेजमध्ये. आठव्या संध्याकाळी ती स्टुलाजवळच होती. मला राग आला तिचा. ही आता उचलणार, बाबांना तिकडे उगाच भुर्दंड पडणार, आणि वर पुन्हा सगळी ठरलेली भाषा फुकट जाणार. मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले.

ठोके पडले. झाकण थरथरलं. एक, दोन, तीन.

चार.

आईचा हात रिसीव्हरकडे गेला. मी तिचं मनगट धरलं.

“थांब ना! पाच होऊ देत... झाल्या! पाच झाल्या, आई! निघाले बाबा!”

सहा. सात. दर दोन रिंगांमधली शांतता आधीच्यापेक्षा लांब वाटत होती. आई मनगट ओढत होती आणि मी हसत हसत घट्ट धरून होते. मग फोन थांबला. झाकण एका बाजूला घसरलं होतं, ते काकूंनी सरळ केलं.

“बघ, आनंदात मोजायचंसुद्धा विसरले,” मी म्हणाले.

आई मनगट चोळत वर गेली. पण रात्री पुरणासाठी हरभऱ्याची डाळ निवडायला घेतली, म्हणजे तिनेही मानलं असणार. मला अजून तसं वाटून घ्यायचं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तार आली. ताप छातीत उतरून बाबा गेले होते. डोंगर खचून रस्ता बंद होता, म्हणून तिथेच नदीकाठी सगळं उरकलं होतं. तारेतली तारीख मी पुन्हा पुन्हा वाचली आणि बोटांवर मोजलं. बाबांना जाऊन चार दिवस झाले होते. त्या चारही संध्याकाळी आठ वाजता फोन वाजला होता.

मला भीती वाटली. दुःखाच्याही आधी भीती, हे कबूल करायला आज लाज वाटते, पण तसंच झालं. त्या संध्याकाळी बिल्डिंगमध्ये कुणी टीव्ही लावला नाही. आठचे ठोके सगळ्या मजल्यांवर ऐकू आले. फोन वाजला नाही. पुढे कित्येक आठवडे मी काकूंच्या दारावरून भिंतीला चिकटून जात होते.

दिवाळीनंतर एक माणूस बाबांची ट्रंक घेऊन आला. पन्नाशीचा, गढवाली, तंबूवरचा स्वयंपाकी. खुर्चीच्या कडेवर बसला आणि पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून त्याने सांगितलं. बाबांना ताप चढला तेव्हा उतरण उतरवेना. घरी काळजी करतील म्हणून त्यांनी याला काकूंचा नंबर कागदावर लिहून दिला. बरोबर आठला तीन घंट्या द्यायच्या, एकही कमीजास्त नाही. हा तीन मोजून लगेच खटका दाबायचा, चूक होऊ नये म्हणून.

“साब बोले थे, मैं मना करूँ तब बंद करना,” तो म्हणाला. “साब ने मना किया ही नहीं।”

कळवण्याचं काम ऑफिसचं होतं, आणि रस्ता बंद म्हणून तिथे निरोपच उशिरा पोचला होता. पण बाबा गेल्यावरही तो रोज खाली उतरत राहिला. घंटी बंद केली तर घरी कळेल, आणि तेवढं धैर्य त्याच्यात नव्हतं. शेवटच्या दिवशी मात्र त्याला ते खोटं सहन होईना. त्याने ठरवलं, आज कुणी उचलेपर्यंत ठेवायचा नाही, आणि सांगून टाकायचं.

“सात बार बजा,” तो म्हणाला. “किसीने उठाया नहीं। फिर मेरी हिम्मत टूट गई।”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी जमिनीकडे बघत होते. मान वर केली तेव्हा आई स्वतःच्या मनगटाकडे बघत होती. मग ती उठली आणि त्याच्यासाठी पान वाढायला घेतलं.

पुढच्या वर्षी आमचा फोनचा नंबर लागला. अर्ज बाबांच्या नावावर होता, त्यामुळे कागदपत्रांसाठी खेटे घालावे लागले. माणूस येऊन फोन बसवून गेला. आईने त्याच्यावर झाकण घातलं नाही. तिने फोनचं स्टूल आपल्या पलंगाशेजारी ओढून घेतलं.

सात रिंगांच्या त्या दिवसाबद्दल तिने मला कधी एक शब्दही विचारला नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. फक्त फोन बसला त्या संध्याकाळी आठ वाजायच्या थोडं आधी मी खोलीत आले, तेव्हा तिने फोनवर हात ठेवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “वाजला तर मी उचलेन हं. तू मध्ये येऊ नकोस.”