एकही गोल न केलेला पाहुणा

डब्लिनच्या सँडीफोर्डला ट्राम सुरू झाली त्या वर्षी आमच्या गणपतीला प्रमुख पाहुणा मिळेना. शेवटी मी शेजारच्या इटालियनाला गळ घातली. चौदा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळून निवृत्त झालेला माणूस. परिचय मीच करून देणार होतो आणि आपल्याकडे परिचयाला आकडा लागतोच, म्हणून विचारलं, "एकूण गोल किती?"

"एकही नाही. मी बचावपटू."

आता हे माइकवर कसं सांगायचं? मी ठोकून दिलं, "असंख्य गोल!" शाल-श्रीफळ झालं आणि पाहुणा उठला. म्हणाला, "गोल एकही नाही. गोल होऊ न देणं हे माझं काम. ते जमलं तेव्हा कुणी नाव घेतलं नाही. चुकलो तेव्हा सगळ्यांना नाव पाठ झालं."

समोर अर्धीअधिक माणसं माझ्याच सपोर्ट टीमची, सर्व्हर बंद पडू नये म्हणून राबणारी. टाळ्या थांबेचनात. सगळ्यात जोरात मीच वाजवल्या. मॅनेजर ना मी!

सोमवारी अप्रेझल सुरू झाली. पहिल्याच इंजिनिअरला मी म्हणालो, "वर्षभरात सर्व्हर एकदाही पडला नाही, ते ठीक आहे. पण तू केलंस काय?"