काचेच्या किटलीतलं ज्येष्ठमध

काचेच्या किटलीत गरम पाणी ओतलं की सुकलेली पानं हळूहळू उलगडतात. गवती चहा, तुळस, पुदिना ओळखू येतात आणि जास्वंदीची पाकळी पाण्याला लाल करते. आज माझी नजर तळाशी गेली. तिथे पिवळसर, धागेदार काड्या होत्या. ज्येष्ठमध.

ह्यांचं ब्लडप्रेशर महिनाभर गोळ्यांना दाद देत नाहीये, आणि तेव्हापासूनच साखरेचा चहा सोडून हे दिवसभर हा सेंद्रिय चहा पितात. मी लगेच डॉक्टरांना फोन केला. "ज्येष्ठमधाने प्रेशर वाढतं. चहा थांबवा आणि त्यांना आत्ताच घेऊन या," ते म्हणाले.

गोळी आणली की आपण दहा प्रश्न विचारतो, झाडपाल्याबद्दल एकही नाही. पण झाडाने मुळाशी साठवलेला गोडवा आपल्या भल्यासाठी थोडाच असतो?

"अगं, झाडपालाच तर आहे," हे हसत म्हणाले आणि त्यांनी कप पुढे केला.

मी किटली बाजूला ठेवली. "शर्ट घाला. दवाखान्यात जायचंय."

त्यांचं हसू थांबलं. त्यांनी मुकाट्याने शर्ट चढवला, आणि एरवी वाद घालणारा माणूस गप्प बसलेला पाहून मी जास्तच घाबरले.