बिनआवाजाची गाडी आणि उसातली हाक

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं काहीच मी मानत नाही. वाळूजच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीचं काम बघतो. बिघाडाला कारण असतंच, या विश्वासावर माझं पोट चालतं. तरी हे लिहितोय.

गेल्या दिवाळीत आम्ही हायब्रिड एसयूव्ही घेतली. सध्या संभाजीनगरात ज्याला विचाराल तो हायब्रिडच बघतोय – उंच गाडी तर हवी, पण पेट्रोलचा खर्च नको अन् चार्जिंगची झंझटही नको. माझं आणि मेघाचं, म्हणजे बायकोचं, तेच झालं. पहिल्या दिवशी गाडी पार्किंगमधून बाहेर पडली तरी आई म्हणत होती, "चालू कर की रं आता!"

"आई, निघालो आपण."

"आँ? मग आवाज कुठंय?"

सांगितलं – हळू चालताना गाडी बॅटरीवर चालते, इंजिन बंदच असतं. वेग घेतला की पेट्रोल.

"म्हंजी चोरावानी चालती म्हण!"

एका रविवारी सकाळी गाडी दाखवायला आईच्या माहेरी, धाकट्या मामाकडं निघालो. गंगापूरच्या पुढं डांबरी सोडली की उसातून कच्ची वाट. आईला एसी सोसत नाही, म्हणून काचा खाली. आई पुढं, मेघा मागं. खड्डे चुकवत हळूहळू चाललो होतो. इंजिन बंद, पानांची सळसळ तेवढी ऐकू येत होती. मामी आज काय रांधणार यावर दोघींची चर्चा रंगलेली.

तेवढ्यात डावीकडून, अगदी खिडकीजवळून, पुरुषाची हाक आली –

"चिमेऽऽ, थांब गं!"

"आले रे दादा!" आई बोलून गेली. मी ब्रेक दाबला.

बाहेर कुणीच नव्हतं. उतरलो, उसात डोकावलो... कुणी नाही. पुढं चारीवर, म्हणजे शेताच्या पाण्याच्या पाटावर, नळ्या टाकून केलेला छोटा पूल होता. पलीकडं एक माणूस मोटरसायकल टाकून हात हलवत पुलाच्या तोंडाशी पळत आला.

"सायेब, गाडी आणू नका! खालची समदी माती व्हावून गेली, निस्ती वरची खपली राहिलीय!"

त्यानं तिकडूनच एक भला मोठा धोंडा पुलावर टाकला. धोंड्यासकट अर्धा रस्ता धाडकन चारीत गेला.

"दादा, हाक तुम्हीच मारली ना?"

"म्या? नाय बा. तुमची गाडी आत्ता दिसली मला. तिला आवाज बी नाय!"

मागं वळलो तर आई हसत होती... अन् पदरानं डोळेही पुसत होती.

"आई, चिमी कोण हो?" मेघानं विचारलं. कारण आईचं नाव कौसल्या.

"मीच की गं. दादा म्हणायचा. त्याच्याबिगर कुणीच नाय म्हणलं."

दादा म्हणजे माझा थोरला मामा. याच रानात मेंढरं राखायचा. माझ्या जन्माआधीच गेला. आईला भास झाला म्हणावं, तर हाक आम्ही तिघांनीही ऐकली होती. आणि जे नाव मी न् मेघानं जन्मात ऐकलं नव्हतं, ते आमच्या कानावर आलं कसं?

गाडी तिथंच लावून चालत गेलो. मामीच्या हातचं जेवून दुपारी घरी परतल्यावर गाडीच्या काचेवरच्या डॅशकॅमचं रेकॉर्डिंग लावलं. सळसळ आहे, गप्पा आहेत, "आले रे दादा" आहे... हाक मात्र नाही. कानाला हेडफोन लावून कितीदा ऐकलं. मशीनचा बिघाड शोधावा तसा शोधला. आजवर मला कारण सापडलेलं नाही.

परवा मामेभावाला गाडी घ्यायची म्हणून आईलाही शोरूममध्ये नेलं. सेल्समन मायलेज समजावू लागला तशी आई म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. हळू चालताना आवाज करत नाय ना?"

"अजिबात नाही, काकू."

"मग हीच घे रं," आई भाच्याला म्हणाली. "आपलं माणूस कवा हाक मारील, काय सांगावं!" अन् खळखळून हसली.